पदराखालचा डावा हात

मंडळी, बसा. जरा पुढं सरका, मागं दारात माणसं उभी आहेत. देवळात जागा कमी पडते ती माणसं जास्त म्हणून नाही — आपण मांडी पसरून बसतो म्हणून! हां, अस्सं.

आज एकच प्रश्न घेऊन आलोय. ज्याच्यावर आपलं प्रेम आहे, त्याला द्यावं काय?

सोपं आहे म्हणाल. बायकोला साडी! बरं, कोणत्या रंगाची? ... बघा, बघा! पुरुष मंडळी गप्प! अख्खा संसार झाला, नातवंडं झाली, आणि बायकोचा आवडता रंग विचारला तर शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघतात! त्याला कसं ठाऊक असणार हो? आणि असलं तर आणखीच पंचाईत!

हसू नका, देवाबरोबरही आपण हेच करतो. देवाला पेढा देतो. का? पेढा आपल्याला आवडतो म्हणून! परत प्रसाद आपल्याच पदरात पडणार आहे ना! कारल्याची भाजी घेऊन कुणी देवळात आलेलं मी तरी पाहिलं नाही. देणं आपल्या आवडीनं, आणि वर म्हणायचं — देवा, तुझ्यावर माझं फार प्रेम!

तर प्रेम करणाऱ्यानं द्यावं काय? उत्तर मी देत नाही. शेवगावच्या शालनकाकू देतील. ऐका.

शेवगावात अनंतमास्तर दसपुते म्हणून एक गृहस्थ होते. होते म्हणजे — आहेत! घाबरू नका. नोकरी तहसील कचेरीत. पण कचेरीत त्यांना कोण विचारतो! ओळख सगळी पेटीची. पंचक्रोशीत कीर्तन असो, भजन असो, गावचं नाटक असो — पेटीला कोण? अनंतमास्तर! बुवा विसरले तर मास्तर पेटीवर पुढची ओळ हळूच दाखवायचे. बुवांचा आवाज बसला तर मास्तरांची पेटी त्याला खांदा द्यायची. तो खांदा नव्हे हो! आधाराचा खांदा!

आता पेटी वाजते कशी? आमचे वामनराव पेटीला बसलेत, बघा त्यांच्याकडं. उजवा हात पट्ट्यांवर नाचतो, तो सगळ्यांना दिसतो. टाळ्या कुणाला? त्यालाच! आणि डावा? डावा मागं बिचारा भाता हलवतोय. त्याच्याकडं कुणी बघत नाही. पण वामनराव, जरा भाता थांबवा. थांबवा, थांबवा! वाजवा आता... बघा! हात नाचतोय आणि आवाज नाही!

मास्तर म्हणायचे, “माझा डावा हात श्वास घेतो, तेव्हा उजवा बोलतो.” आणि विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा त्यांना भयंकर तिटकारा. लग्नात ऑर्केस्ट्रा आला की म्हणायचे, “ज्याला श्वास नाही त्याला सूर कसला? दिवे गेले की मुकं होतं, ते वाद्य नव्हे. तो मिक्सर!”

आणि शालनकाकू? त्या मास्तरांच्या पत्नी. संगीतातलं त्यांना काय कळत होतं ते कुणी विचारलंच नाही. मास्तर ओसरीवर वाजवायचे, काकू आत पोळ्या लाटायच्या. झालं.

एका सकाळी मास्तर चहाला बसले. डाव्या हातात बशी. बशी सुटली. फुटली. मास्तर म्हणाले, “अगं, बशी पडली.”

काकू म्हणाल्या, “पडू द्या, दुसरी देते.”

दुसरी दिली. तीही पडली! तेव्हा काकूंनी वळून मास्तरांच्या तोंडाकडं बघितलं. ओठ एका बाजूला ओढला गेला होता. हातातलं भांडं तसंच टाकलं आणि बाई अनवाणी रस्त्यावर धावल्या, रिक्षा आणायला.

जीव वाचला, मंडळी. वेळेवर पोचले. जीभ सुधारली, डावा पाय ओढत का होईना चालू लागला. डावा हात मात्र काही आला नाही. डॉक्टर म्हणाले, “व्यायाम करा, बघू.” आता डॉक्टरचं ‘बघू’ आणि सासूबाईंचं ‘बघू’ — दोन्हीचा अर्थ आपल्याला कळतो!

घरी आल्यावर मास्तरांनी पेटी मागितली. काकूंनी समोर मांडली. मास्तरांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि बसून राहिले. भाता कोण ओढणार?

काकू समोर बसल्या. म्हणाल्या, “मी ओढते. तुम्ही वाजवा.”

केवढी माया बघा! पण मंडळी, भाता ओढणं म्हणजे पंप मारणं नव्हे. कुठं दाबायचं, कुठं सोडायचं, कुठं सूर नुसता तरंगत ठेवायचा — ते वाजवणाऱ्यालाच कळतं. मास्तरांची बोटं हळुवार जागेवर जायची आणि नेमकं तिथं काकू जोर करायच्या. पेटी ओरडायची! जिथं ताकद हवी तिथं पेटी मरायची. दोघंही घामाघूम. शेवटी मास्तरांनी हात उचलला आणि म्हणाले,

“माझा श्वासही आता तू घेणार का? मग मी कशाला राहिलोय?”

काकूंनी पेटीचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पेटी शेजारच्या गावच्या भजनी मंडळाला देऊन टाकायला लावली. देवळाकडं जाणं बंद. संध्याकाळी भोंग्यावर हरिपाठ लागला की मास्तर खिडकी लावून घ्यायचे. जेवण दोन घास. कुणी भेटायला आलं की भिंतीकडं तोंड. तपासायला आले तेव्हा डॉक्टर काकूंना बाजूला घेऊन म्हणाले, “औषधं मी देतोय. पण ह्यांना जगायचंय का? ते माझ्या हातात नाही, काकू.”

ह्यांचा मुलगा हेमंत. चाकणला कारखान्यात. चांगला मुलगा हो, बापावर जीव! त्यानं विचार केला — अण्णांना भाता ओढता येत नाही? मग बिनभात्याचं वाद्य देऊ! आणि त्यानं काय पाठवलं? हे एवढं लांब खोकं! आत कीबोर्ड. त्यात शेकडो आवाज, शेकडो ताल, लाल-निळे दिवे. दुकानात होतं त्यातलं सगळ्यात मोठं.

प्रेम होतं का? होतं! शंभर टक्के होतं.

मास्तरांना समोर बसवलं. त्यांनी एक पट्टी दाबली — ढम् ढम् ढिशक्याँव! आपोआप ढोल सुरू! घाबरून दुसरं बटण दाबलं — कुत्रं भुंकलं! मंडळी, खरंच भुंकलं! त्या यंत्रात कुत्र्याचा आवाज होता. गल्लीतली कुत्री उत्तर द्यायला लागली! बंद करायचं बटण डाव्या बाजूला कोपऱ्यात. मास्तर उजवा हात लांबवतायत, पोचत नाही, ढोल चालूच, कुत्री चालूच...

आपल्याला हसू येतं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसाच्या एका सुरावर सभा गप्प व्हायची, त्याच्या पुढ्यात खेळणं आलं होतं. फोनवर हेमंतला म्हणाले, “बापाला खुळखुळा पाठवलास का रे?”

हेमंत दुखावला. म्हणाला, “अण्णा, मी किती हौसेनं पाठवलं! तुम्हाला काही दिलं तरी चालत नाही.” फोन आपटला. बाप-लेकाचं बोलणं बंद.

कीबोर्डवर चादर पडली. उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळायला लागल्या. काय वाईट आहे? लांब, सपाट, उन्हाच्या खिडकीजवळ! बायका कशाचं काय करतील सांगता येत नाही.

आता इथं गोष्ट थांबली असती. आपल्या पुष्कळ घरांत थांबते. देणारा म्हणतो, मी दिलं. घेणारा म्हणतो, मला नको होतं. आणि मध्ये चादर!

पण एका दुपारी मास्तर खाटेवर पडले होते. डोळे मिटलेले. काकू शेजारी गहू निवडत होत्या. त्यांचं लक्ष गेलं — मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं छातीवर हलतायत. झोपेत नाही बरं का. वाजवतायत! मनातल्या मनात काहीतरी चाललंय. काकूंनी सूप खाली ठेवलं, आवाज न करता. आणि बघत बसल्या. नुसत्या बघत बसल्या. मग त्यांना आणखी एक दिसलं. बोटं हलतायत, त्याबरोबर उजवा पाय खाटेच्या दांडीवर दाबला जातोय. सूर चढला की दाब, उतरला की सैल. दाब... सैल...

काकू मनात म्हणाल्या, अगं बाई! ह्यांचा भाता हातातून पायात गेलाय!

हे हेमंतला चाकणहून दिसलं नाही. डॉक्टरला दिसलं नाही. खुद्द मास्तरांना ठाऊक नव्हतं! गहू निवडता निवडता बाईला दिसलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी शेजारणीला मास्तरांपाशी बसवलं. कुरडया झटकल्या, कीबोर्ड खोक्यात घातला आणि निघाल्या नगरला. एकट्या! एसटीत खोकं सीटवर आडवं. कंडक्टर आला. “काकू, ह्याचं तिकीट?”

काकू म्हणाल्या, “लेकरू आहे माझं. मांडीवर घेऊ का?”

कंडक्टर हसला. म्हणाला, “असू द्या. मोठं लेकरू आहे.”

नगरला वाद्यांचं एक दुकान. तिथं जुबेर नावाचा तरुण. काकू खोकं घेऊन आत आल्या तसा तो धावत पुढं आला, खोकं धरलं. “बसा काकू. पाणी घ्या. काय हवंय?”

“हे बदल्यात घ्या, आणि मला श्वास असलेलं यंत्र दाखवा.”

जुबेरनं बऱ्याच मागण्या ऐकल्या होत्या. ही नवीन! पण पोरगा गुणी, हसला नाही. म्हणाला, “वाद्य कुणासाठी हवंय, काकू? मुलासाठी? नातवासाठी?”

“शिकणारी मीच. तू दाखव तर.”

त्यानं एक सिंथेसायझर काढला. छोटा, सुबक. काकू स्टुलावर बसल्या आणि मंडळी, त्यांनी काय केलं? स्वतःचा डावा हात पदराखाली घेतला, पदर कमरेला घट्ट खोचला — हात आत बंद! आणि एकट्या उजव्या हातानं यंत्राला सामोऱ्या गेल्या.

“हे नको. पट्ट्या बारीक आहेत. ह्यांची बोटं पेटीच्या पट्ट्यांना सरावलीत.”

दुसरा काढला. “ह्याला आवाज बदलायला दोन बटणं एकदम दाबायची? मग नको.”

तिसरा काढला. जुबेर उत्साहानं म्हणाला, “काकू, हे चाक बघा. फिरवलं की सूर असा सरकतो, मींडेसारखा!” चाक डावीकडं! काकूंनी उजवा हात पट्ट्यांवरून उचलून चाकाकडं नेला, तर सूर संपला. “चाक चांगलं आहे रे बाळा. पण तिथं कोणी नाही.”

जुबेर थबकला. म्हणाला, “काकू, तुम्ही हात असा का घेतलाय? दुखतोय का?”

मग काकूंनी सांगितलं. बशी सांगितली, पेटी सांगितली, खाटेवर दाबला जाणारा पाय सांगितला. जुबेर ऐकत राहिला. मध्ये दोन गिऱ्हाईकं आली, त्यांना हातानंच थांबा म्हणाला. सगळं ऐकून तो आत गेला आणि एक साधा, काळा सिंथेसायझर घेऊन आला. दिवे नाहीत, कुत्री नाहीत. मोठ्या पट्ट्या. आवाज मोजकेच, प्रत्येकाला एक बटण. आणि खाली जमिनीवर ठेवलं एक पेडल.

“आता पट्टी दाबून धरा काकू. आणि पाय हळूहळू दाबा.”

काकूंनी पट्टी धरली. पाय दाबला. सूर फुलत गेला! पाय सोडला, सूर विझत आला. पुन्हा दाबला. पुन्हा फुलला. काकूंनी डोळे मिटले, आणि दुकानात, भर बाजारात, त्या माउलीच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

“हाच. हाच भाता.”

विठ्ठल विठ्ठल!

पण जुबेर एवढ्यावर थांबला नाही. म्हणाला, “काकू, एक विचारू? काका वाजवतील कुणापुढं?”

“कुणापुढंच नाही. ते कुणाला तोंड दाखवत नाहीत.”

“मग त्यांना दार लावून वाजवू दे. चुकलं तर पुसता येईल असं.” आणि त्यानं आणखी तीन वस्तू पुढं ठेवल्या. कानाला लावायचा हेडफोन. एक माइक. आणि एक डबी, तिला इंटरफेस म्हणतात — माइकचा आणि वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेऊन ठेवते. घरी हेमंतचा जुना लॅपटॉप होताच.

काकूंनी दुकानातल्या मोठ्या स्पीकरकडं बोट दाखवलं. “ते नकोत का?”

आता बघा, दुकानदार कोणता? विकणारा! पण जुबेर म्हणाला, “आत्ता नकोत. तुमची खोली लहान. लहान खोलीत मोठे स्पीकर म्हणजे तांब्यात हत्ती. आवाज नुसता घुमेल. आधी हेडफोन. भिंतींवर गोधड्या टांगा. आणि काकू, नवीन माणूस सगळं एकदम घेतो आणि एकही वाजवत नाही. हे घ्या, वाजवा. कमी पडलं तर मी आहेच.”

हेमंतचा कीबोर्ड बदल्यात घेतला. दुपारभर काकूंना शिकवलं — वायर कुठली कुठं, लाल ठिपका दाबला की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबला की बंद. आधी एकाचा आवाज घ्यायचा, मग तो कानात ऐकत दुसऱ्याचा वर चढवायचा. काकूंच्या डब्यातली मेथीची भाजी दोघांनी मिळून खाल्ली.

घरी आल्यावर काकूंनी मास्तरांना सांगितलं नाही. धान्याच्या कोठ्या असलेली मागची खोली होती. कोठ्या सरकवल्या, गोधड्या टांगल्या, यंत्र मांडलं, वायरी जोडल्या. पट्टी दाबली — आवाज नाही! पुन्हा सगळं काढलं, पुन्हा जोडलं. नाही! जुबेरला फोन.

“काकू, हेडफोन कशात घातलाय?”

“भोकात.”

“कुठल्या भोकात?”

आपण हसतो, पण आपल्यातल्या किती जणांना घरचा टीव्ही नातवाशिवाय लावता येतो? हात वर करा! ... काकूंनी मात्र हेका सोडला नाही. शेवटी जमलं. पण आपल्याला जमून काय उपयोग? त्यांना जमलं पाहिजे. म्हणून बाईंनी पुन्हा डावा हात पदराखाली कोंडला आणि एका हातानं सगळं करून बघायला लागल्या. चालू करणं, आवाज निवडणं, हेडफोन डोक्यावर चढवणं. तो चढवताना निसटला, खाली पडला, आणि वायरीसकट डबीही खाली आली. धाडकन!

“काय चाललंय तिकडं?” मास्तर बाहेरून ओरडले. उत्तर नाही. मास्तर घाबरले. बाई पडली की काय! काठी घेतली, पाय ओढत ओढत आले आणि दारात उभे राहिले.

काय दिसलं त्यांना? बायको जमिनीवर बसलीय. डावा हात पदराखाली बांधलेला. उजव्या हातानं वायर उचलून डबीत घालायची धडपड चाललीय.

“अगं, हाताला काय झालं तुझ्या?”

“काही नाही.”

“मग बांधलायस का?”

काकू खाली बघून म्हणाल्या, “तुम्हाला जमेल की नाही, ते बघत होते.”

मंडळी... मास्तरांनी त्या बांधलेल्या हाताकडं बघितलं. आजवर लोकांनी त्यांच्या हाताची कीव केली होती. त्यांच्यासारखं एका हाताचं होऊन कुणी बघितलं नव्हतं.

मग ते आत आले. स्टुलावर बसले. काकूंनी हेडफोन त्यांच्या कानावर चढवला आणि पेडल उजव्या पायाखाली सरकवलं.

मास्तरांनी एक सूर धरला. कपाळाला आठी. “ही पेटी नव्हे.”

“नाहीच. पेटी म्हणून आणलंच नाही.”

“लाकडाचा आवाज नाही ह्याला.”

“नाही.”

“हं,” म्हणाले, आणि पाय दाबला. सूर वर आला. पाय सैल केला. सूर खाली गेला. पुन्हा दाबला, सावकाश, अगदी सावकाश, नवजात बाळाला उचलावं तसा. मग बोटं चालायला लागली. आधी अडखळत, मग सरळ. काकू पोळ्या टाकायला गेल्या. मुद्दाम! त्या दिवशी मास्तरांनी पोळी मागून घेतली.

संपली का गोष्ट? नाही हो. खरी तर आता आहे!

पुढं रोज मास्तर मागच्या खोलीत. पण काही दिवसांनी पुन्हा चेहरा उतरला. काकूंनी विचारलं, “आता काय कमी आहे?”

“मी साथीदार माणूस,” मास्तर म्हणाले. “साथीला समोर गाणारा लागतो. एकटा कुणाला साथ करू? भिंतीला?”

कुणा बुवांना बोलवायचं म्हटलं तर नको. असा हात घेऊन कुणापुढं बसायचं नाही म्हणाले.

काकू दोन दिवस विचारात. मग मास्तर व्यायामाला दवाखान्यात गेले असताना त्यांनी मागच्या खोलीचं दार लावलं. माइकपुढं बसल्या. लाल ठिपका दाबला. आणि सकाळी सडा घालताना रोज गुणगुणायच्या ती भूपाळी म्हटली. आईकडून आलेली. कुणासमोर कधी म्हटली नव्हती. अर्ध्यात आल्या आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली! ती पण रेकॉर्ड झाली. पुसायचं कसं ते काही केल्या आठवेना. राहू दे म्हणाल्या.

मास्तर आले. काकू म्हणाल्या, “एक बाई गायलीय. साथ करून बघता का?”

मास्तरांनी हेडफोन चढवला. भूपाळी सुरू झाली. दोन ओळी नुसती ऐकली. मग बोटं शोधत शोधत तिच्या मागून निघाली. चुकले की काकू पुन्हा मागं नेऊन लावायच्या. गाणारी चिडत नव्हती. थांबवलं की थांबत होती.

मास्तर वाजवता वाजवता बोलायला लागले. “बाई तालमीची नाही. पण सुराला पक्की आहे. कुठं थांबायचं ते हिला कळतं. कोण गं ही? नगरची?”

“शेवगावची.”

“शेवगावची? शेवगावात अशी गाणारी असती तर मला कळलं नसतं होय?”

काकूंनी कोठीवरची धूळ पुसायला घेतली.

आणि तेवढ्यात हेडफोनमध्ये — शिट्टी! मास्तरांची बोटं थांबली.

“ही तर आपल्या कुकरची शिट्टी!”

हेडफोन काढला. काकूंकडं बघितलं. काकू पदराचं टोक पिळत उभ्या.

“तू?”

काकूंनी मान हलवली.

“कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

ऐका मंडळी! गावोगावच्या बुवांना ह्या माणसानं साथ केली. कुणाचा आवाज कुठं फाटतो, कुणाला कुठली पट्टी झेपते, ह्याला सगळं पाठ. आणि स्वतःच्या घरात, भिंतीपलीकडं, रोज सकाळी जी गात होती — तिचा आवाज ओळखता आला नाही. कुकर ओळखता आला!

आता काय बोलावं मास्तरांनी? माफी मागावी? रडावं? साथीदार माणूस तो! त्यांनी हेडफोन एका कानाला लावला, पट्टी दाबली, आवाज जुळवला आणि म्हणाले, “काळी चारच्या पट्टीत वर चढताना ओढाताण होतेय तुला. काळी दोनवर घे. आणि माइक राहू दे. समोर बस. माझ्याकडं बघून गा.”

गोधड्या टांगलेल्या त्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांच्या मध्ये, शालनकाकू पहिल्यांदा कुणासमोर गायल्या. आणि अनंतमास्तरांनी साथ केली.

मास्तरांचा डावा हात आजही तसाच आहे बरं का. मी चमत्कार सांगायला आलो नाही. पण त्यांनी हेमंतला फोन केला. म्हणाले, “ये. तुझ्या आईचं गाणं ऐक. आणि ते वायरीचं आम्हाला नीट जमत नाही, ते बघ.” हेमंत रविवारी आला. गोधडीला टेकून बसला, आईचं गाणं ऐकलं आणि मग वायरी नीट करून दिल्या. आता महिन्यातून एकदा तरी येतो. महिला मंडळाच्या बायका आपापली गाणी घेऊन मागच्या खोलीत येतात, मास्तर त्यांना साथही करतात आणि रागावतातही. जुबेरही एकदा येऊन छोटा स्पीकर जोडून, मेथीची भाजी खाऊन गेला!

तर मंडळी, प्रेम करणाऱ्यानं द्यावं काय? हेमंतनं यंत्र दिलं, काकूंनीही यंत्रच दिलं. मग एक कुरडया वाळवायला गेलं आणि दुसऱ्यानं माणूस उठवला, हे कशानं? काकूंनी आधी कान दिला, डोळे दिले, आपला हात बांधून घेतला. मग वस्तू घेतली.

आपल्या नवविधा भक्तीत पहिली कोणती? कीर्तन? नाही! कीर्तन दुसरं! म्हणजे मी सुद्धा दुसरा! पहिलं श्रवण. ऐकणं! शास्त्रानं गाणाऱ्याच्या आधी ऐकणाऱ्याला बसवलंय. आपण मात्र देवासमोर उभे राहिलो की आपलंच सुरू — देवा हे दे, देवा ते दे, देवा मी हे देतो! अरे, तो काही म्हणतोय का, थांबा की जरा!

आणि आज घरी गेल्यावर करायचं काय, तेही सांगतो. बायकोला एकदम विचारायला जाऊ नका, “तुला काय हवंय गं?” ती म्हणणार, “काही नको.” आणि वर म्हणणार, “कीर्तनातून आलात वाटतं!” आईला विचाराल, तीही म्हणेल काही नको. म्हाताऱ्या वडलांना विचाराल, ते भिंतीकडं वळतील. तिथंच आपण उठतो! ‘विचारलं होतं, नको म्हणाले’ — सुटलो!

उठू नका. स्वयंपाकघराच्या दारात पाट घ्या आणि बसा. मोबाइल बाहेर ठेवा. लसूण सोला. गप्प बसा. पाच मिनिटांनी ती म्हणेल, “काय झालंय तुम्हाला आज? बरं वाटत नाही का?” तरी उठू नका. कढईत फोडणी पडेल, भांडी वाजतील. मग तुम्ही तिथं आहात हे ती विसरेल, आणि आपली आपण काहीतरी गुणगुणायला लागेल.

ते ऐका. तिचं गाणं ऐकणारं घरात कुणीतरी आहे, एवढं देवालाही कळू द्या.

बोला — विठोबा रखुमाई! विठोबा रखुमाई!